तान्ह्या बाळाची ऊब : तारेच्या ब्लँकेटची की आईच्या छातीची?

थंडी पडू लागली की सेलूच्या माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास वाढतात. एक गुडघे धरून येणारी म्हातारी माणसे आणि दुसरी कुंचीत गुंडाळून आणलेली तान्ही लेकरे. उन्हाळ्यासाठी नावाजलेला आपला परभणी जिल्हा हिवाळ्यातही मागे राहत नाही. कृषी विद्यापीठातील तापमापकाचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पत्र्याच्या घरात पहाटे याचा अर्थ काय होतो, हे ज्यांच्याकडे अपुऱ्या दिवसांचे बाळ आहे त्यांनाच विचारावे.

मोटार रिवायंडिंगचे दुकान चालवणारा एक तरुण असाच एका संध्याकाळी वहीचे पान घेऊन आला. त्याच्या पुतणीचा जन्म आठव्या महिन्यातला, वजन १ किलो ८०० ग्रॅम. रुग्णालयातून नुकतेच घरी सोडले होते. "डॉक्टरसाहेब, रात्री लेकरू थंड पडायलंय. मी गरम ब्लँकेट तयार करतो. तुम्ही फक्त किती डिग्रीवर ठेवायचं ते सांगा."

पानावर आकृती होती. सिलिकॉन रबराचे दोन पातळ पत्रे, त्यांच्या मध्ये नागमोडी वळवलेली निक्रोमची तार, कडा सिलिकॉनच्या ट्यूबने चिकटवलेल्या, बारा व्होल्टची बॅटरी आणि एक छोटा थर्मोस्टॅट. त्याच्या हातच्या कारागिरीबद्दल मला शंका नव्हती. कारखान्यांत तेलाचे पिंप गरम ठेवायला अशाच जातीची सिलिकॉनची हीटरपट्टी वापरतात. कल्पना चुकीची नव्हती, जागा चुकीची होती.

सिलिकॉन रबर सुमारे दोनशे अंशांची उष्णता सहज सोसते. म्हणूनच कारखान्याला ते आवडते आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. पत्र्याला काही होत नाही, तो वितळत नाही, त्याला वास येत नाही; तोवर कातडीचे व्हायचे ते होऊन जाते. भाजायला उकळते पाणीच लागते असे नाही. अमेरिकेतील हार्वर्डच्या मोरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिले, की ४४ अंशांची वस्तू कातडीला सुमारे सहा तास लागून राहिली तरी ती भाजते. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. हे मोठ्या माणसाच्या कातडीचे हिशेब आहेत. तान्ह्याची कातडी त्याहून पातळ, आणि त्याला कूसही बदलता येत नाही.

मग थर्मोस्टॅट कशाला आहे, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. थर्मोस्टॅट ज्या ठिकाणी बसवला तिथलेच तापमान त्याला कळते. ब्लँकेटला घडी पडली, तार तारेजवळ आली किंवा वरून वाकळ टाकली, की दुसरीकडे ऊब साठत जाते आणि थर्मोस्टॅट मात्र निश्चिंत असतो. त्यात बाळ दर तासा-दोन तासांनी ओले करणार. बारा व्होल्टचा धक्का बसत नाही हे खरे, पण बॅटरीच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर कापड पेटायला वेळ लागत नाही. रुग्णालयातल्या वॉर्मरमध्ये बाळाच्या पोटावर चिकटवलेला सेन्सर असतो, बिघाड झाला की भोंगा वाजतो आणि शेजारी परिचारिका असते. घरी मध्यरात्री हे तिन्ही कोठून आणायचे?

आता बाळ थंड का पडते ते पाहू. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती व पाठीत एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवते; अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही चरबीच कमी. शिवाय डोके अंगाच्या मानाने मोठे, तिथून ऊब भराभर जाते. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश हवे. त्याखाली गेले की बाळ सुस्त होते, दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून रक्तातली साखर उतरते आणि आणखी थंड पडते. हे चक्र एकदा सुरू झाले की जिवावर बेतते.

या चक्रावरचा उपाय दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात सापडला. बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अशी बाळे आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. कांगारूवरून या पद्धतीला कांगारू मातृसेवा हे नाव पडले. बाळाला फक्त लंगोट, टोपरे आणि मोजे घालून आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरायचे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळे. वरून ओढणीने किंवा जुन्या लुगड्याने बांधायचे आणि शाल पांघरायची. बाळ गार पडले की आईच्या छातीची कातडी आपोआप अधिक उबदार होते. असा थर्मोस्टॅट कोणत्याही दुकानात मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले आहे, की कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे ८ ते २४ तास असे ठेवावे. आई दमली तर बाप, आजी, काका कुणीही चालते. त्या तरुणाला मी हेच सांगितले. तो थोडा लाजला, पण घरात पाळ्या लावायचे काम त्याने अंगावर घेतले. महिन्याने मुलीचे वजन अडीच किलोला टेकले.

छातीवर नसताना काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाया शिकून तयार झाल्या. त्यांच्या सामानात कमी वजनाच्या बाळासाठी उबदार कापडाची झोपण्याची पिशवीही असे. १९९३ ते १९९८ या काळात तिथले नवजात बालमृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. हे एकट्या पिशवीचे श्रेय नव्हे; जंतुसंसर्गावरची इंजेक्शने आणि स्तनपानही त्यात होते. पण ऊब त्यातला मोठा भाग. सेलूतला कोणताही शिंपी अशी पिशवी शिवून देईल. आत जुने धुतलेले सुती कापड, बाहेर फ्लॅनेल किंवा ब्लँकेट, पुढून उघडणारी, तोंड मोकळे. टाचण्या नकोत, गळ्याशी नाडी नको.

बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवण्याची रीत मात्र थांबवा. बंद खोलीत तिच्यातून विषारी वायू निघतो, त्याला वासही नसतो. जन्मानंतर २४ तास आंघोळ नको, कमी वजनाच्या बाळाला तर वजन वाढेपर्यंत ओल्या फडक्याने पुसले तरी पुरे.

म्हाताऱ्या माणसांचेही थोडक्यात सांगतो. मधुमेहाने किंवा लकव्याने पायाची जाणीव गेली असेल तर गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचा पॅड थेट लावू नये आणि पायाशी घेऊन झोपू तर नयेच. ज्यांना जाणीव आहे त्यांनी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेक घ्यावा.

बाळ थंड आहे की नाही हे पाहायला उपकरण लागत नाही. हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट, मग तळपाय पाहावे. दोन्ही उबदार तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार, तर लगेच छातीवर घ्यावे, दूध पाजावे, तासाभराने पुन्हा पाहावे. पोटही गार लागले, बाळ दूध ओढेना, रडणे क्षीण झाले किंवा श्वास जोरात चालू लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही बाळ छातीवरून खाली ठेवू नये.