संदर्भदुवा आणि टिपण : ज्ञानव्यवहारातील एक उपेक्षित कर्तव्य

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानामुळे एखादा लेख, अहवाल वा चित्रफीत सहकाऱ्यांना व विद्यार्थ्यांना क्षणार्धात पाठविणे अध्यापकास शक्य झाले आहे. मात्र बहुतेक वेळा केवळ दुवा पाठविला जातो. तो कशाचा आहे, मूळ मजकूर कोणाचा व केव्हाचा आहे आणि तो का वाचावा, याविषयी एक ओळही सोबत नसते. पाठविणाऱ्याच्या मनातील संदर्भ त्याच्याच मनात राहतो. अशा दुव्यासोबत छोटे टिपण देणे का आवश्यक आहे व त्या टिपणाचे स्वरूप कसे असावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
वाचकास केवळ ग्रंथनाम देणे पुरेसे नाही, ही जाणीव जुनी आहे. कॉनरॅड गेस्नर यांनी १५४५ मध्ये झुरिच येथे प्रसिद्ध केलेल्या ‘बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस’ या सूचीत अनेक नोंदींबरोबर ग्रंथातील आशयाची माहिती दिली होती. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. सटीप ग्रंथसूची हे या सूत्राचेच उपयोजन होय.

संगणकीय दुव्याची पूर्वकल्पना मांडणारे व्हॅन्नेवार बुश यांनीही १९४५ च्या आपल्या लेखात ‘मेमेक्स’ या कल्पित यंत्राचे वर्णन करताना, वाचक एका लेखापासून दुसऱ्या लेखाकडे जाणारी वाट आखतो व मधूनमधून स्वतःचे भाष्यही जोडतो, असे म्हटले होते. म्हणजे दुव्याच्या मूळ कल्पनेत भाष्य अंतर्भूत होते; व्यवहारात दुवा टिकला आणि भाष्य गळून पडले.

संदर्भ गळण्याचे परिणाम :
याचा सर्वांत विदारक प्रत्यय २०१८ मध्ये आला. पाकिस्तानातील कराची शहरात बालसुरक्षेविषयी जनजागृतीसाठी एक चित्रफीत तयार करण्यात आली होती. तीत मोटारसायकलवरील दोघे एका मुलास उचलून नेतात, थोड्याच वेळात त्याला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवितात. भारतात तिचा शेवटचा भाग कापून ती खऱ्या अपहरणाचे दृश्य म्हणून फिरविली गेली. अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून भटक्या समाजातील पाच निरपराध व्यक्तींना जमावाने ठार मारले. या घटनेचे कारण ती एकच चित्रफीत होती, असे म्हणता येणार नाही. परंतु उगम, काळ व हेतू यांपासून तुटलेली माहिती किती घातक ठरते, हे त्या काळाने दाखवून दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला. परंतु संदेश पुढे पाठविलेला आहे एवढेच ती खूण सांगते. तो कोठून आला व खरा आहे काय, हे सांगणे पाठविणाऱ्यावरच राहते.

शैक्षणिक क्षेत्रात हानी वेगळ्या प्रकारची असते. संकेतस्थळे बंद पडतात, पृष्ठांचे पत्ते बदलतात. याहू कंपनीची जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये अमेरिकेत बंद झाली, तेव्हा तिच्यावरील असंख्य पृष्ठांचे मूळ पत्ते निरुपयोगी ठरले. टिपणात लेखक, शीर्षक व वर्ष असल्यास दुवा तुटल्यानंतरही मूळ लेखाचा शोध घेता येतो. केवळ दुवा असल्यास तो मार्गही खुंटतो.

मराठी पृष्ठांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि पत्त्याची नक्कल करताना प्रत्येक बाइटचे रूपांतर पुष्कळदा टक्केचिन्ह व दोन अक्षरांकांत होते. त्यामुळे ‘मराठी’ हा शब्द, काना व वेलांटी धरून पाच चिन्हांचा, पत्त्यात पंचेचाळीस चिन्हांची निरर्थक माळ होऊन बसतो. इंग्रजी पत्त्यावरून विषयाचा निदान अंदाज येतो. मराठी पत्ता मात्र मराठी वाचकालाच वाचता येत नाही. म्हणून मराठी दुव्यास टिपणाची गरज अधिक आहे.

टिपणाचे घटक :
उपयुक्त टिपणात पुढील बाबी असाव्यात.
१. मूळ लेखक, शीर्षक व प्रसिद्धीचे वर्ष.
२. आशयाचे एक-दोन वाक्यांतील वर्णन.
३. नेमके कोठे पाहावे, म्हणजे पृष्ठ, विभाग वा चित्रफितीतील मिनिट.
४. पाठविण्याचे प्रयोजन.
५. पाठविणाऱ्याचे मत, असल्यास स्वतंत्रपणे.

उदाहरणार्थ, बुश यांचा उपरोक्त लेख विद्यार्थ्यांना पाठविताना असे लिहिता येईल : “व्हॅन्नेवार बुश, ‘अ‍ॅज वुई मे थिंक’, जुलै १९४५. ज्ञानसंचयातून हवी ती माहिती शोधण्याचा प्रश्न यात मांडला आहे. सहावा व सातवा विभाग अवश्य वाचावा. आजच्या दुव्यांशी त्यातील कल्पनेची तुलना करावयाची आहे.” हे लिहिण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत; मात्र साठ विद्यार्थ्यांचा प्रत्येकी काही मिनिटांचा वेळ त्यामुळे वाचतो.

आक्षेप व मर्यादा :
टिपणामुळे वाचकाचे मत आधीच बनते, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. म्हणूनच वर्णन व मत वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. टिपण वाचून मूळ लेख न वाचण्याची प्रवृत्तीही बळावू शकते. यासाठी टिपणात निष्कर्ष न सांगता विषय व प्रयोजन सांगावे. वाचकाने सोडवावयाचा प्रश्न त्याच्यासाठीच ठेवावा. त्याचप्रमाणे जे स्वतः वाचलेले नाही त्यावर टिपण लिहिता येत नाही. ही मर्यादा वस्तुतः टिपणाचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण पाठविण्यापूर्वी वाचण्याची सक्ती ती आपोआप करते.

समारोप :
शोधनिबंधात संदर्भ देताना आपण जी दक्षता घेतो, ती दैनंदिन आदानप्रदानात सोडून देण्याचे कारण नाही. विद्यार्थी अध्यापकाच्या व्याख्यानातून जितके शिकतात, तितकेच त्याच्या सवयींतून शिकतात. प्रत्येक दुव्यासोबत चार ओळी लिहिणारा अध्यापक, माहिती पुढे ढकलण्यापूर्वी ती तपासावयाची असते, हा संस्कार नकळत देत असतो. राईनपाड्यानंतर या संस्काराची आवश्यकता वेगळी सिद्ध करावी लागू नये.