सातपुड्याच्या पायथ्याशी वाफाळणारं उनपदेव

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर चोपडा आणि यावल यांच्या दरम्यान अडावद लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, ठिबकच्या नळ्या, घडांनी भरलेले ट्रक. अडावदहून उत्तरेकडे वळलं की चारपाच किलोमीटरांत हे सगळं मागे पडतं. काळी माती विरळ होते, गोटे लागतात, साग, सलई, पळस आणि खानदेशाच्या रुक्ष जंगलाची ओळख असलेला अंजन दिसू लागतो. समोर सातपुड्याची भिंत असते. तिच्या पायथ्याशी उनपदेव आहे.

इथे एका गोमुखातून गरम पाण्याची धार कुंडात पडत असते. उगमापाशी पाण्याचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पौषातल्या गार सकाळी कुंडावर वाफ दाटते आणि हा झरा मनात ठसतो तो त्याच वेळी. जवळपास सुनपदेव आणि नाझरदेव असे आणखी दोन झरे आहेत. या तिन्ही झऱ्यांची नोंद १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरमध्येही सापडते.

महाराष्ट्रातले बहुतेक गरम झरे कोकणात आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत, समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत त्यांची रांगच आहे. खानदेशातला झरा त्या कुळातला नाही. त्याचं नातं सातपुड्याशी आहे.

सोन, नर्मदा आणि तापी या नद्यांच्या खोऱ्यांतून भारताच्या मध्यावर एक फार जुना भेगाळ पट्टा गेला आहे. भूवैज्ञानिक त्याला ‘सोनाटा’ म्हणतात. याच पट्ट्यातल्या विभंगांमुळे तापीच्या उत्तरेला डोंगर उंच राहिला आणि दक्षिणेकडची जमीन खचली. त्या खोलगट भागात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचला. केळी पिकते ती या गाळावर. सातपुड्यावर पडलेल्या पावसाचं थोडं पाणी भेगांतून खोल मुरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते. म्हणजे उनपदेवचं पाणी किलोमीटरभर किंवा त्याहून खोल जाऊन आलेलं असणार. वर यायला मोकळी वाट मिळाली की ते फारसं थंड होण्याआधीच बाहेर पडतं. ज्वालामुखीचा इथे काही संबंध नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळला आणि केव्हाच निवला.

हा पट्टा अगदी निद्रिस्तही नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहापेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. १९९७ सालचा जबलपूरचा भूकंपही याच पट्ट्यातला. गरम झऱ्यांची साखळीही याच पट्ट्याने जाते. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात उनपदेव याच नावाचा दुसरा झरा आहे. पूर्वेला अमरावतीच्या सीमेवर सालबर्डी आहे, त्यापुढे पचमढीच्या बाजूला अनहोनी, आणि छत्तीसगडात तातापानी. तिथलं पाणी जवळपास उकळतं असतं.

गावकऱ्यांची कथा वेगळी आहे. वनवासात राम इथे आला, शरभंग ऋषींना कुष्ठरोग झालेला पाहून त्याने बाण मारला आणि जमिनीतून ऊन पाणी उसळलं. नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी, किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरलाही हीच कथा सांगतात. वाल्मीकि रामायणात शरभंग भेटतात ते अरण्यकांडात. तिथे ते रामाचं दर्शन घेऊन अग्निप्रवेश करतात, झऱ्याचा उल्लेख नाही. तरीही ही कथा टिकली, कारण तिच्यात लोकांची एक खरी वेदना आहे. अंगावर चट्टे आले की गावाबाहेर राहावं लागणाऱ्या माणसाला कुठेतरी आशा हवी होती. गरम पाण्याने अंग स्वच्छ होतं, खाज शमते, दुखरे सांधे सैल पडतात. एवढा आराम खरा आहे.

पण कुष्ठरोग झऱ्याने बरा होत नाही. तो जिवाणूंमुळे होतो. १९८०च्या दशकापासून त्यावर बहुविध औषधोपचार उपलब्ध आहेत आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ते मोफत मिळतात. अंगावर संवेदना नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर कुंडावर जाण्याआधी आरोग्य केंद्र गाठावं. उशीर झाला तर हातापायांच्या नसा कायमच्या निकामी होतात.

पौष महिन्यात उनपदेवला यात्रा भरते. खानदेशातल्या खेड्यांमधून माणसं येतात, सातपुड्यातले पावरा, भिल्ल, तडवी बांधव येतात, स्नान होतं, नवस फेडले जातात. एरवी इथे शांतता असते आणि झरा पाहायचा तर असा आडदिवस चांगला. सभोवतालचं जंगल आता पूर्वीइतकं दाट नाही. पण याच रांगेत पूर्वेला यावल अभयारण्य आहे. ते १९६९ साली घोषित झालं, त्याचं क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. डोंगर हिरवा राहिला तरच खाली पाणी मुरतं. बोअरवेलची खोली दर काही वर्षांनी वाढवणाऱ्या केळी उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको.

जाणाऱ्यांनी थंडीत, सकाळी जावं. गोमुखाच्या धारेखाली थेट हात घालू नये आणि मुलांना तर तिच्याजवळही नेऊ नये. ६० अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत कातडी भाजते. कुंडात निवलेलं पाणी हाताने अजमावून मगच अंगावर घ्यावं. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी फार वेळ बसू नये. साबण, शाम्पू, निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या मात्र कुणीच कुंडापर्यंत नेऊ नयेत. पाणी खोलातून स्वच्छ वर येतं, घाण होते ती माणसांच्या हातून. यात्रेच्या दिवसांत कुंडाची स्वच्छता, स्त्रियांसाठी कपडे बदलायला आडोसा आणि कचरा गोळा करणारे चार हात, एवढी व्यवस्था ग्रामस्थांनी आणि प्रशासनाने मिळून उभी करायला हवी.