पुसलेल्या फितींचा शनिवार

ब्रिटनच्या दूरचित्रवाणीच्या इतिहासात २३ नोव्हेंबर १९६३ या शनिवारला वेगळे स्थान आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची डलास येथे हत्या झाली, त्याला त्या सायंकाळपर्यंत पुरते चोवीस तासही उलटले नव्हते. आदल्या रात्री बीबीसीने हत्येचे वृत्त दिल्यानंतर हॅरी वर्थ यांचा विनोदी कार्यक्रम दाखविला होता आणि त्यावरून प्रेक्षकांचा रोष ओढवून घेतला होता. शनिवारी मात्र नेहमीचे कार्यक्रम बऱ्याच अंशी ठरल्याप्रमाणे झाले. त्या दिवशी लोकांनी काय पाहिले आणि त्यातले आज काय शिल्लक आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी नाहीत.

तेव्हा ब्रिटिश प्रेक्षकांपुढे दोनच पर्याय होते. एक बीबीसीची वाहिनी आणि दुसरी जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही. बीबीसीची दुसरी वाहिनी एप्रिल १९६४ मध्ये सुरू झाली. चित्र कृष्णधवल होते. घरी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करता येत असे, पण चित्रासह जपून ठेवण्याचे साधन सामान्य कुटुंबाकडे नव्हते. कार्यक्रम चुकला की तो बहुधा कायमचा चुकला.

ऐंशी सेकंदांचा उशीर

शनिवारची दुपार बीबीसीवर ‘ग्रँडस्टँड’ या क्रीडा कार्यक्रमाची असे आणि सायंकाळी नव्या गाण्यांवर कौल देणारा ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ तरुणांना खेचून घेई. या दोहोंमधल्या वेळेत वडिलांना आणि मुलांना एकत्र बसवून ठेवील अशी मालिका नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना हवी होती. त्यातून ‘डॉक्टर हू’ जन्माला आली. निर्मितीची जबाबदारी अवघ्या सत्तावीस वर्षांच्या व्हेरिटी लँबर्ट यांच्यावर सोपविण्यात आली. दिग्दर्शक होते वारिस हुसेन. लखनौला जन्मलेले आणि बालपणाचा बराच काळ मुंबईत घालविलेले हुसेन १९४६ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला गेले होते.

पहिल्या भागाचे चित्रण सप्टेंबरमध्ये झाले होते. ते न्यूमन यांना पसंत पडले नाही आणि १८ ऑक्टोबरला लंडनमधील लाईम ग्रोव्ह स्टुडिओत संपूर्ण भाग पुन्हा चित्रित करावा लागला. केनेडींच्या हत्येमुळे या भागाचे प्रक्षेपण दहा मिनिटे लांबले, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. वास्तविक सव्वापाचचा कार्यक्रम ५ वाजून १६ मिनिटे २० सेकंदांनी सुरू झाला, म्हणजे उशीर ऐंशी सेकंदांचा होता. सुमारे ४४ लाख लोकांनी तो पाहिला. शोकाच्या वातावरणात अनेकांचे लक्ष त्याकडे गेले नसावे, हे लक्षात घेऊन पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखविण्यात आला.

रात्री ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ या उपहासात्मक कार्यक्रमाने आपला विनोद बाजूला ठेवला. डेव्हिड फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी केनेडींना वाहिलेली छोटेखानी आदरांजली इतकी परिणामकारक ठरली की अमेरिकेतील एनबीसीनेही ती दाखविली.

फिती का पुसल्या?

त्या काळातील दोन इंची ध्वनिचित्रफीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. ठराविक मुदतीनंतर कार्यक्रम पुन्हा दाखवायचा तर नव्याने मोबदला द्यावा लागे. त्यात १९६७ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि कृष्णधवल कार्यक्रमांना कोणी विचारणार नाही, असा समज पक्का झाला. नाटकाचा प्रयोग संपला की पडदा पडतो, तसेच चित्रवाणीचे असते, अशीच सर्वसाधारण धारणा होती.

जबाबदारीही विभागलेली होती. मूळ फिती एका विभागाच्या ताब्यात, तर परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटर चित्रपटफितीच्या प्रती दुसऱ्या विभागाकडे. विक्रीचे हक्क संपले की त्या प्रतीही नष्ट केल्या जात. बीबीसीचे चित्रपट ग्रंथालय मुख्यत्वे चित्रपटफितीवर तयार झालेलेच कार्यक्रम सांभाळत असे. आपण टाकतो आहोत ते दुसऱ्याने जपले असेल, असे प्रत्येकाला वाटत राहिले. १९७८ नंतर जतनाचे धोरण आले, तोवर फार उशीर झाला होता.

जे उरले ते योगायोगाने

साठच्या दशकातील ‘डॉक्टर हू’च्या २५३ भागांपैकी एकही मूळ प्रक्षेपण फितीवर उरलेला नाही. जे भाग आज पाहता येतात, ते प्रामुख्याने परदेशी विक्रीसाठी काढलेल्या प्रतींमुळे. एका कथेचे चारही भाग नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी हाँगकाँगहून परत आले. २०१३ मध्ये नायजेरियातील एका प्रक्षेपण केंद्रात नऊ हरवलेले भाग सापडल्याचे जाहीर झाले, तरीही ९७ भाग बेपत्ताच राहिले. त्या सर्वांचा ध्वनी मात्र उपलब्ध आहे, कारण काही चाहत्यांनी ते घरच्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवले होते. जे एका बलाढ्य संस्थेला जमले नाही, ते अशा घरांतून झाले.

‘ज्यूक बॉक्स ज्युरी’च्या नशिबी तेवढेही नव्हते. ७ डिसेंबर १९६३ रोजी बीटल्सचे चौघेही त्यात परीक्षक म्हणून बसले होते आणि कोट्यवधी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला होता. त्याची चित्रफीतही बीबीसीच्या संग्रहात उरली नाही.

म्हणूनच त्या शनिवारकडे पाहताना सावध राहावे लागते. ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग आज उपलब्ध आहे, याचा अर्थ त्याचे मोल तेव्हा कोणी ओळखले होते, असा नव्हे. त्याची प्रत परदेशी गिऱ्हाइकांसाठी काढली गेली आणि ती कचऱ्यात जाण्यापूर्वी वाचली, एवढेच. शेजारच्या कार्यक्रमांना असे गिऱ्हाईक मिळाले नाही. एखाद्या काळातील लोक काय पाहत होते, याचे चित्र आपण उरलेल्या फितींवरून रंगवतो. त्या फिती कोणी निवडून ठेवलेल्या नाहीत, हे मात्र सहज विसरले जाते.