हमालाच्या पाठीचा विचार करणारी गाडी

‘सिट्रोएन एच वाय, १९७२ची, पेट्रोल. पूर्वी फिरतं चीजचं दुकान. चालू स्थितीत. १४,५०० युरो, थोडी घासाघीस चालेल.’

ही जाहिरात माझ्या मुलीच्या शेजाऱ्याने आणून दाखवली. मुलगी फ्रान्सच्या ब्रिटनी भागात, रेन शहराबाहेर राहते. मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बॉडी सेक्शनला प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो, हे तिने आल्या आल्या गल्लीभर सांगून ठेवलं होतं. शेजाऱ्याला शनिवारच्या लीस बाजारात गालेत विकायच्यात. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं. इथे त्यात सॉसेज गुंडाळून उभ्या उभ्या खातात. त्यासाठी त्याला ही जुनी व्हॅन हवी होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “मस्यू, ती फार सुंदर आहे.”

मला विचाराल तर ती अजिबात सुंदर नाही. पुढून डुकराच्या थोबाडासारखी दिसते, असं फ्रेंच लोकच म्हणतात. पण गाडीखाली जाऊन पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं.

आधी तिची कुळकथा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, सिट्रोएनने टीयूबी नावाची एक छोटी मालवाहू गाडी काढली होती. पुढच्या चाकांना ओढ देणारी आणि तळ खाली असलेली. युद्धामुळे तिचं उत्पादन लवकरच गुंडाळावं लागलं, कल्पना मात्र टिकली. १९४७च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात टाइप एच मांडली गेली, पुढच्या वर्षी कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि १९८१च्या अखेरपर्यंत निघत राहिली. चौतीस वर्षांत चार लाख सत्तर हजारांहून जास्त गाड्या, आणि साचा जवळजवळ तोच. कमी वजनासाठी एच झेड, जास्त वजनासाठी एच वाय, अशी तिची भावंडं. एच वाय दीड टनापर्यंत माल उचलते. खाटीक, पाववाले, भाजीवाले, टपाल, पोलीस, रुग्णवाहिका, सगळ्यांनी ती वापरली. बाजूचा पत्रा वर उघडला की दुकान थाटायचं, अशा बॉड्या बांधून देणारे होयलिए, क्युरुससारखे कारागीर तेव्हा जोरात होते. शेजाऱ्याला दिसलेली गाडी त्याच जातीची.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे बस कशी व्हायची? कंपनीकडून चासी यायची: दोन लांब लोखंडी गर्डर, त्यावर इंजिन, मागे डिफरन्शियल, मधून प्रॉपेलर शाफ्ट, खाली पाटे. त्यावर आम्ही सांगाडा उभा करायचो आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिवेटने ठोकायचो. एवढं सगळं पोटाखाली असल्यावर तळ वरच येणार. म्हणून ट्रक असो की टेंपो, हौदा कमरेला लागतो आणि पोतं आधी खांद्यावर, मग वर, असा प्रवास होतो.

टाइप एचला वेगळी चासी नाही. तळ, बाजू आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, ओढ पुढच्याच चाकांना, म्हणून मागे जाणारा शाफ्ट नाही आणि डिफरन्शियलचा गोळाही नाही. मागे दोन चाकं जोडणारा आडवा अ‍ॅक्सल नाही. प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यावर बसवलेलं. पाटेही नाहीत. त्याऐवजी आडव्या पोलादी दांड्या, ज्या धक्का बसला की पिळल्या जातात आणि पुन्हा सरळ होतात; त्यांना टॉर्शन बार म्हणतात. मधली एवढी जागा रिकामी झाल्यावर तळ खाली आणता आला: जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटर. जिन्याच्या दोन पायऱ्यांएवढाच. आत उंची साधारण १.८० मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट. मी टोपी घालून ताठ उभा राहिलो. फुटपाथच्या बाजूला सरकतं दार. मागचा वरचा भाग छपराकडे उचलला जातो आणि खालची दोन दारं बाजूंना उघडतात. बोळात उभी करा, बाजूने किंवा मागून माल काढा. हा तळ घोडा उभा राहिला तरी पेलतो, अशी तिची ख्याती होती.

ज्याने हा आराखडा केला त्याने ड्रायव्हरच्या आधी हमालाला विचारलं असावं, असं मला वाटतं. ड्रायव्हरचे लाड इथे फारसे नाहीतच. सुरुवातीच्या गाडीचं १,९११ सीसीचं इंजिन सिट्रोएनच्या ट्रॅक्शन अव्हाँ मोटारीचं, ताकद साधारण ३५ अश्वशक्ती, वेग ताशी ऐंशीच्या आतबाहेर. गिअर तीनच, आणि पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच. शेजाऱ्याने गिअर टाकला तेव्हा जो खर्रर्र आवाज आला, तो ऐकून आमच्या जुन्या ड्रायव्हरांनी त्याला खाली उतरवलं असतं. मी मुलीकरवी त्याला क्लचची दुहेरी चाल समजावली. दोन-चार वळणांत त्याला जमली.

मग तो नळीदार पत्रा. लोकांना वाटतं, ती नक्षी आहे. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये पोलाद तुटपुंजं आणि मोठे प्रेस महाग. गोलाईदार बॉडी दाबायला भारी साचे लागतात, सपाट पत्र्यात पन्हळी पाडायला साधं यंत्र पुरतं. गोदामावरचा पन्हळी पत्रा पातळ असूनही माणसाचं वजन घेतो, तेच तत्त्व. जर्मन युंकर्स विमानांची अंगं अशीच असत; बॉडीचं काम बघणाऱ्या पिएर फ्रांशिझे यांनी कल्पना तिथून उचलली. बाहेर आडव्या पन्हळी, आतून त्यांना काटकोनात पेटीसारख्या पट्ट्या. पत्रा पातळ, वजन कमी, ताकद पुरेशी. काटकसरीतून निघालेल्या या युक्तीवर आज लोक ‘काय डिझाइन आहे!’ म्हणून फिदा होतात.

पन्हळीचा आणखी एक फायदा विकत घेणाऱ्याला होतो. सपाट दारात लांबी भरून, घासून, रंग मारला की जुना मार दडतो. पन्हळीत लांबी भरली की रेघ मोडते. गाडीच्या बाजूला डोळा लावून या टोकाकडून त्या टोकाकडे बघा. जिथे रेघ डुलते तिथे हात झालेला आहे. मग तिथे लोहचुंबक लावा. चिकटला नाही, तर खाली पत्रा नाही, लांबी आहे.

जाहिरातीत ‘चालू स्थितीत’ होतं, आणि ते खरं होतं. पण इंजिन ही यातली सोपी बाजू. हजारो मोटारींत बसलेलं इंजिन, सुटे भाग मिळतात, हौशी मंडळींचे क्लब आहेत. खरा धोका गंज. ज्या गाडीत तळ आणि दाराखालची पट्टी हाच सांगाडा आहे, तिथे पट्टी सडली म्हणजे गाडीचा कणाच गेला. जॅक लावून, टॉर्च घेऊन मी खाली गेलो. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो तर डावीकडे टणटण आणि उजवीकडे, सरकत्या दाराच्या रुळाखाली, बद्द. पेचकस लावला, आत गेला. चीजच्या दुकानात रोज पाण्याने धुलाई. पाणी त्या दारातूनच बाहेर काढलं जात असणार. विकणारे आजोबा काही बोलले नाहीत, फक्त टोपी मागे सारली.

टायर हा दुसरा खर्च. रिम ४०० मिलिमीटरच्या मापाची, जी आता नेहमीच्या गाड्यांना नसते. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही, जुन्या गाड्यांच्या टायरवाल्याकडून मागवावे लागतात. कागदपत्रांचं मुलीने पाहिलं. इथे गाडी विकताना सहा महिन्यांच्या आतला तपासणी दाखला द्यावा लागतो. तीस वर्षांवरच्या गाडीची ‘संग्राह्य’ म्हणून नोंद करता येते. मग तपासणी पाच वर्षांनी एकदा. पण तशी नोंद हौसेसाठी. धंदा करायचा तर आधी विचारून घ्या, आणि चूल-गॅस बसवणार असाल तर तो बदल कागदावर आला पाहिजे.

एक सावधगिरी फोटोवरून गाडी ठरवणाऱ्यांसाठी. २०१७पासून कासेलानी नावाच्या इटालियन कारागिराचा एक संच मिळतो. आजच्या सिट्रोएन जंपर व्हॅनवर तो चढवला की ती थेट टाइप एच दिसते. सचोटीचा माल आहे, रोज धंद्याला जुंपायला सोयीचाही. पण ती नवी गाडी आहे. जुन्या गाडीचे पैसे तिला मोजू नयेत.

शेजाऱ्याला मी माझं मत सांगितलं: घे, पण पट्टी आणि रुळाखालचा तळ कापून नवा पत्रा घालायचा खर्च किमतीतून वजा कर, वरून रंग मारून देतो म्हणाले तर नको म्हण. आजोबांनी तीन हजार युरो सोडले. व्यवहार झाला.

आता तुमच्यासाठी. ही व्हॅन तुम्ही घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण धंद्यासाठी टेंपो, पिकअप, व्हॅन, जे काही घ्याल, त्याचं मायलेज विचारण्याआधी जमिनीपासून हौद्यापर्यंत टेप लावा आणि रोज किती पोती चढणार ते मोजा. डिझेलचा खर्च बिलात दिसतो, पाठीचा दिसत नाही. हौदा खाली आणता येतो, हे एका कंपनीने १९४७ साली करून दाखवलंय. आपल्याकडे गाड्या बनवणाऱ्यांना ते आपण गिऱ्हाइकांनी विचारलं पाहिजे.