दिसायला सारख्या, पण काम वेगळं : पॉवर सप्लायची चिप निवडताना काय बघायचं?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन '३८४२ द्या' म्हटलं, की आठ पिनची एक छोटी काळी चिप मिळते. ती संपली असेल, तर '३८४३ देऊ का?' असा प्रश्न येऊ शकतो. आकार तोच, पिन तेवढ्याच, प्रत्येक पिनचं कामही तेच. प्रोजेक्ट उद्या जमा करायचा असेल, तर 'चालेल' म्हणून चिप खिशात टाकली जाते.

घरी येऊन ती बसवली, की सप्लाय सुरू होत नाही. किंवा टिक-टिक करत चालू-बंद होत राहतो. चिप बऱ्याचदा चांगली असते, निवड चुकलेली असते.

ही निवड नेमकी कशी करायची? आणि ज्यांना सोल्डरिंग गन कधी हातात धरायची नाही, त्यांचा याच्याशी काय संबंध? समजून घेऊ.

ही चिप करते तरी काय?

घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट एसी असतो. त्याचा डीसी केला, की तो साधारण ३२५ व्होल्ट होतो. साध्या फोन चार्जरमधून बाहेर पडतात ५ व्होल्ट. मधलं सगळं काम पॉवर सप्लायचं.

व्होल्टेज कमी करायचा जुना आणि सोपा मार्ग म्हणजे जास्तीची वीज उष्णतेत घालवणं. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला ७८०५ ही प्रसिद्ध चिप वापरली आणि १ अँपिअर करंट घेतला, तर कामाला येतात ५ वॉट आणि ७ वॉट नुसते गरम होण्यात जातात.

दुसरा मार्ग 'स्विचिंग'चा. यात वीज अतिशय वेगाने चालू-बंद केली जाते आणि कॉइल, कपॅसिटर ती सपाट करतात. चालू किती वेळ आणि बंद किती वेळ, या प्रमाणावर व्होल्टेज ठरतं. १२ चे ५ करायचे असतील, तर स्विच साधारण ४२ टक्के वेळ चालू हवा. या प्रमाणाला 'ड्यूटी सायकल' म्हणतात.

हे प्रमाण क्षणाक्षणाला ठरवणारी चिप म्हणजे पॉवर सप्लाय कंट्रोलर. आधी हे सर्किट सुटे भाग जोडून करावं लागे. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या अमेरिकी कंपनीची एसजी१५२४ चिप आली आणि हे काम एका चिपमध्ये मावलं.

दुकानात जाण्याआधी एक फरक लक्षात ठेवायचा. 'कंट्रोलर' फक्त हुकूम सोडतो, प्रत्यक्ष स्विच म्हणजे मॉसफेट बाहेर वेगळा लावावा लागतो. 'रेग्युलेटर'मध्ये स्विच आतच असतो. कमी पॉवरच्या कामाला रेग्युलेटर सोपा पडतो.

पहिला प्रश्न : वीज येते कुठून आणि हवी किती?

इथे सरासरी आकडा धरून चालत नाही, दोन्ही टोकं बघावी लागतात. लिथियम सेलचं उदाहरण घ्या. पूर्ण चार्ज असताना तो ४.२ व्होल्ट देतो, संपत आला की ३ व्होल्टच्या आसपास येतो. सर्किटला ३.३ व्होल्ट हवे असतील, तर सुरुवातीला व्होल्टेज कमी करावं लागतं आणि शेवटी वाढवावं लागतं.

कमी करणाऱ्या रचनेला 'बक' म्हणतात, वाढवणाऱ्या रचनेला 'बूस्ट'. इथे दोन्ही करणारी 'बक-बूस्ट' चिप लागते. नुसती बक चिप लावली, तर सेलमध्ये चार्ज शिल्लक असतानाच उपकरण बंद पडेल.

दुसरा प्रश्न : माणसाचा हात कुठे लागणार आहे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. चार्जरच्या वायरला आपला हात लागतो, चार्जिंगला लावलेला फोन कानाला लागतो. त्यामुळे ३२५ व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात थेट जोड चालत नाही. दोन्हींच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. याला 'आयसोलेशन' म्हणतात. साधारण १०० वॉटपर्यंतच्या कामाला यासाठी 'फ्लायबॅक' ही रचना सर्रास वापरतात.

मग बाहेर किती व्होल्ट निघतायत, हे आतल्या चिपला कसं कळणार? त्यासाठी बऱ्याच सप्लायमध्ये ऑप्टोकपलर असतो. एका बाजूला छोटा एलईडी, दुसऱ्या बाजूला त्याचा प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. निरोप प्रकाशातून जातो, तारेतून नाही. काही चिप ट्रान्सफॉर्मरच्याच एका वाइंडिंगवरून अंदाज घेतात, तिथे ऑप्टोकपलर लागत नाही.

म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डासाठीची बक चिप थेट सॉकेटच्या विजेवर वापरायचा विचारही करू नये. ती जळेल, आणि आयसोलेशन नसल्यामुळे हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

तिसरा प्रश्न : चिप सुरू कधी होते, थांबते कधी?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. अपुऱ्या व्होल्टेजवर चिप अर्धवट चालली, तर मॉसफेट नीट चालू होत नाही, तापतो आणि जळतो. म्हणून ठरावीक व्होल्टेज मिळेपर्यंत चिप जागीच होत नाही. या कुटुंबातल्या चार चिपमध्ये मुख्य फरक इथेच आहे :

- यूसी३८४२ : १६ व्होल्टला सुरू, १० ला बंद. ड्यूटी सायकल जवळपास १०० टक्क्यांपर्यंत.
- यूसी३८४३ : ८.४ ला सुरू, ७.६ ला बंद. ड्यूटी सायकल जवळपास १०० टक्क्यांपर्यंत.
- यूसी३८४४ : १६ ला सुरू, १० ला बंद. ड्यूटी सायकल ५० टक्क्यांपर्यंतच.
- यूसी३८४५ : ८.४ ला सुरू, ७.६ ला बंद. ड्यूटी सायकल ५० टक्क्यांपर्यंतच.

सॉकेटवर चालणाऱ्या सप्लायमध्ये चिपला सुरुवातीची ऊर्जा एका कपॅसिटरमधून मिळते. ट्रान्सफॉर्मर चालू झाला, की त्याचं एक वाइंडिंग चिपला पुढची वीज पुरवतं. तोवर ३८४२ कडे १६ ते १० असा ६ व्होल्टचा अवकाश असतो. ३८४३ कडे जेमतेम ०.८ व्होल्टचा. वाइंडिंग मदतीला येण्याआधीच चिप बंद पडते, कपॅसिटर पुन्हा भरतो, चिप पुन्हा प्रयत्न करते. टिक-टिक येते ती इथून.

उलटंही होतं. १२ व्होल्टच्या बॅटरीवरच्या सर्किटमध्ये ३८४२ लावली, तर १६ व्होल्ट तिला कधी मिळतच नाहीत. ती ढिम्म राहते.

चौथा प्रश्न : बिघाड झाला तर?

आउटपुट शॉर्ट झालं, ओव्हरलोड आला किंवा चिप तापली, तर ती काय करते? काही चिप पूर्ण बंद होतात आणि प्लग काढून पुन्हा लावल्यावरच सुरू होतात. काही थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करत राहतात. काहींमध्ये तापमानाचं संरक्षण नसतंच, ते बाहेरून जोडावं लागतं. डेटाशीटचा हा भाग वाचल्याशिवाय चिप ठरवू नये.

पाचवा प्रश्न : चिप खरी आहे का, आणि पुढे मिळेल का?

एलएम२५९६ ही बक चिप छोट्या मॉड्यूलवर सगळीकडे दिसते. अस्सल चिप १५० किलोहर्ट्झवर चालते, म्हणजे सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद. स्वस्त मॉड्यूलवर हाच शिक्का मारलेल्या काही चिप ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. वेग एक तृतीयांश झाला, की त्याच कॉइलमधला करंटचा चढउतार तिप्पट होतो. मॉड्यूल तापतं आणि छापलेले ३ अँपिअर मिळत नाहीत.

२०२१ च्या चिप टंचाईने आणखी एक धडा दिला. पॉवर सप्लायच्या साध्या चिप न मिळाल्यामुळेही अनेक कंपन्यांना बोर्ड नव्याने आखावे लागले. म्हणून एकापेक्षा जास्त कंपन्या बनवतात अशी चिप निवडणं शहाणपणाचं.

मग आपण काय करायचं?

सर्किट बनवणाऱ्यांनी दुकानात पूर्ण नंबर लिहून न्यावा. पर्यायी चिप घ्यायची वेळ आली, तर सुरू-बंद होण्याचं व्होल्टेज, ड्यूटी सायकल आणि कमाल मर्यादांचा तक्ता डेटाशीटमध्ये पडताळावा. आणि प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ घातक व्होल्टेज राहू शकतं, हे विसरू नये.

बाकीच्यांना चार्जर उघडून चिप बघायची गरज नाही, तसा प्रयत्नही करू नये. चार्जरवर बीआयएसच्या चिन्हासोबत 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा आणि तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पडताळा. क्रमांकच नसेल किंवा कंपनीचं नाव जुळत नसेल, तर तो चार्जर दुकानातच राहू द्या.