‘अंगावरचे दूध’ व ‘वरचे दूध’ : अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या पोषणासंबंधी एक शब्दविचार

तान्ह्या मुलाच्या आहारासंबंधी बोलताना मराठी भाषा दोनच पक्ष ओळखते : ‘अंगावरचे दूध’ आणि ‘वरचे दूध’. पहिले आईचे; दुसरे गाईम्हशीचे किंवा डब्यातील भुकटीचे. या विभागणीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. दूध कोणाचे, हा एक प्रश्न. ते मुलाच्या पोटात कोणत्या रीतीने जाते, हा दुसरा. पूर्ण दिवसांचे निरोगी मूल जन्मल्यावर थोड्याच वेळात स्वतः ओढून पिऊ लागते. तेथे दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्यामुळे भाषेचे काही अडत नाही. अडते ते अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या बाबतीत.

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास वैद्यकशास्त्र मुदतपूर्व मानते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ सामान्यतः ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधीच्या मुलास स्तनाशी धरले तरी पुरेसे ओढता येत नाही, आणि दूध श्वासनलिकेत उतरण्याचे भय राहते. म्हणून त्यास तोंडातून वा नाकातून जठरापर्यंत घातलेल्या बारीक नळीने दूध देतात, पुढे वाटी-चमच्याने किंवा चोचीच्या भांड्याने. ‘तो काही बोंडल्याने दूध पीत नाही’ या वाक्प्रचारात बोंडले अजाणपणाचे चिन्ह होऊन बसले आहे. परंतु त्याच जातीचे दक्षिणेतील भांडे ‘पालाडै’ या नावाने रुग्णालयांच्या नवजात-कक्षांत आजही मानाने वापरले जाते.

आता अशा कक्षातील एक साधे वाक्य घ्यावे : ‘बाळाला सध्या अंगावर पाजायचे नाही.’ बोलणाऱ्याच्या मनात हा निषेध केवळ रीतीचा असतो. ऐकणाऱ्या कुटुंबापाशी मात्र दोनच शब्द आहेत. अंगावरचे नाही, म्हणजे वरचे, असा अर्थ सहज निघतो. येथे केवळ शब्दाचा घोटाळा होऊन थांबत नाही. वार पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण एकदम उतरते आणि दूध तयार होण्यास चालना मिळते. महिने पुरे भरलेले नसले तरी हे घडते. पुढे मात्र जेवढे दूध बाहेर निघेल त्या मानानेच नवे बनते. मूल ओढू शकत नसेल तर पहिल्या काही तासांपासूनच, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा, ते हाताने वा पंपाने काढावे लागते. गैरसमजात आठवडा गेला तर आटत चाललेले दूध पुन्हा वाढविणे कठीण होते. आणि ज्या मुलास या दुधाची निकड सर्वांत अधिक, तेच त्यास मुकते : मुदतपूर्व प्रसूत झालेल्या मातेच्या दुधात आरंभीच्या आठवड्यांत प्रथिनांचे प्रमाण अधिक असते, आणि आतड्याच्या ऊतींचा नाश करणारा जो भयंकर विकार अशा अर्भकांना होतो, त्याचा धोका मानवी दुधाने कमी होतो. (१५०० ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांसाठी या दुधात बहुधा पूरक द्रव्ये मिसळावी लागतात, पण मूळ दूध आईचेच.)

पहिल्या दिवसांतील ‘चीक’ थेंबांनीच निघतो, तरी रोगप्रतिबंधक द्रव्यांनी तो समृद्ध असतो. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजात आईचा चीक टाकून देण्याची चाल पडावी, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

याच्या उलट, ज्या ठिकाणी भाषेने सूक्ष्म भेद केला आहे ते स्थळ म्हणजे ‘पान्हा’. संस्कृतातील ‘प्रस्नव’ या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे हा शब्द आला. दूध साठणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे, हे गोठ्यातील अनुभवाने मराठीस फार पूर्वी शिकविले. गाय पान्हा चोरते, तेव्हा दूध नसते असे नाही. ते सुटत नाही. म्हणून वासरू लावून तिला पान्हवतात. शरीरशास्त्र याच क्रियेचा कर्ता म्हणून ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे नाव घेते. मुलाच्या स्पर्शाने ते स्रवते; भीती व वेदना यांनी अडते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या मुलापासून दूर बसून दूध काढणाऱ्या मातेस थेंबच मिळतात, याचा उलगडा ‘दूध नाही’ या वाक्यापेक्षा ‘पान्हा फुटत नाही’ या वाक्याने अधिक नेमका होतो. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली एडगर रे यांनी, उबपेट्यांच्या टंचाईतून, अशा मुलांना मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची जी पद्धती सुरू केली, तिने ऊब मिळते आणि पान्हाही साधतो. ‘कांगारू’ असे नाव पडलेली ही पद्धती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास, अवलंबावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे.

आईचे दूध मुळीच मिळत नसेल तेव्हा दुसऱ्या स्त्रीचे दूध हा पुढचा पर्याय. आशियातील पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने निघाली. अशा पेढीत दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. हे दूध अंगावरचे की वरचे? जुन्या विभागणीत त्यास जागा नाही. वास्तविक ‘दूधआई’, ‘दूधभाऊ’ हे शब्द मराठीत होतेच, परंतु त्यांत नात्याचा निर्देश आहे, दुधाचा नाही.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. मूल चोखू लागण्याच्या बेतात आले की दूध आधी काढून घेऊन, रिकाम्या स्तनाशी त्यास सरावासाठी धरतात, आणि त्याच वेळी नळीतून दूध सोडतात. या क्रियेस ‘पाजणे’ म्हणता येत नाही. ‘छातीशी लावणे’ एवढेच म्हणता येते. काही दिवसांनी त्या लावण्यातच मूल एखाददुसरा घोट गिळू लागते, आणि मग नळीतील दुधाचे माप त्या मानाने कमी करीत नेतात.