वाळवंटाचं ताट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मारवाडी कुटुंबाचं किराणा दुकान होतं. ईदच्या सकाळी अम्मी मला त्यांच्याकडे पाठवायची, ती मात्र शीरखुर्म्याचा वाडगा देऊन नव्हे. शेवया, खारीक, खोबरं, साखर असा कोरडा शिधा असे. आमच्या घरचं शिजलेलं काकी खात नसत, कोरडं चालायचं. लहानपणी याचं मला वाईट वाटे. पण पिशवी त्यांनी कधी रिकामी परत पाठवली नाही. एकदा त्यात मूठभर वाळक्या काड्या निघाल्या. अम्मीला वाटलं, चुलीत घालायच्या की काय!

"अहो, सांगरी आहे ती. रात्रभर भिजत घाला," काकींनी दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं.

सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. आणि खेजडी म्हणजे कोण, ठाऊक आहे? आपली शमी! पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली, दसऱ्याला जिची पूजा होते, ती. आपण तिला हात जोडतो, मारवाडात ती ताटात येते.

तिथला स्वयंपाक समजून घ्यायचा तर आधी पाऊस समजून घ्यायला हवा. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हिरवी भाजी रोज आणायची कुठून? म्हणून बेसनाचे गट्टे, मुगाच्या वड्या, पापडाचीही भाजी. पाणी दुर्मीळ, पण गाई-बकऱ्या दारात. म्हणून भाजीला रस ताकाचा किंवा दह्याचा. बाजरीचं पीठ ताकात शिजवून केलेली राब हे तिथलं रोजचं अन्न. बाटी निखाऱ्यावर किंवा तापल्या राखेत भाजायची, तिला तव्याचीही गरज नाही.

खेजडीची मुळं फार खोल जातात. म्हणून भर उन्हाळ्यात, सगळं करपलेलं असताना तिला शेंगा धरतात. त्या कोवळ्या असतानाच तोडायच्या, उकडायच्या आणि वाळवायच्या. तिच्या जोडीला केर, म्हणजे एका काटेरी झुडपाची वाटाण्याएवढी फळं. ती इतकी कडू की काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवावी लागतात. यांत कुमटाच्या बिया आणि गुंदा, म्हणजे आपलं भोकर, मिसळलं की पंचकुटा तयार होतो. पाचवी वस्तू म्हणून कुणी आमचूर घालतात, कुणी लाल मिरची. होळीनंतर शीतलामातेच्या सणाला चूल पेटवत नाहीत. तेव्हा आदल्या दिवशी केलेली ही भाजी खातात. तेलात परतलेली असल्याने ती प्रवासातही टिकते.

ही हौस नव्हती, बेगमी होती. १८९९-१९०० साली, विक्रम संवत १९५६ मध्ये मोठा दुष्काळ पडला. त्याला तिकडे 'छप्पनिया' म्हणतात. त्या वर्षी लोकांनी खेजडीची साल कुटून, तिचं पीठ करून खाल्लं. या झाडाचं मोल त्यांना आधीही कळलेलं होतं. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली. तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले.

१९८३ साली राजस्थानने खेजडीला राज्यवृक्षाचा मान दिला. पण गंमत पाहा. दुष्काळातली सांगरी आज सुक्या मेव्याच्या भावाने विकली जाते, लग्नाच्या पंगतीत मिरवते. आणि त्याच वेळी बीकानेरकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते, म्हणून लोकांना आंदोलनं करावी लागली आहेत. वीज हवी, त्यातही उन्हाची वीज तर हवीच. पण हे झाड अतिशय सावकाश वाढतं. आज तोडलं तर त्याच्या जागी लावलेल्या रोपाची पोटभर सांगरी आपल्या मुलांच्या हाती येईल, आपल्या नव्हे.

अम्मीने त्या दिवशी सांगरी केली, थोडी चिवटच झाली. काकींना चव दाखवता आली नाही, याची तिला चुटपुट लागली. पुढे उमगलं, आमच्या दोन घरांमध्ये जे जाऊ-येऊ शकत होतं, ते सगळं वाळवलेलंच होतं: इकडून खारीक-खोबरं, तिकडून सांगरी. वाळवलेलं टिकतं आणि उंबरेही ओलांडतं.

येत्या दसऱ्याला शमीपुढे हात जोडाल, तेव्हा तिच्या शेंगांचीही आठवण ठेवा.